तुमचा कान देवनागरीत ऐकतो, तिथून सुरुवात करू

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २७, राहायला लालबाग, दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग कॉमर्स. गोरेगावच्या एका ऑफिसात अकाउंट्स पेयेबलचं, म्हणजे कंपनीची देणी चुकती करण्याचं काम. लिहिण्यात किंवा व्याकरणात अडचण नाही. पण दर मंगळवारी लंडनच्या क्लायंटबरोबर कॉल असतो आणि समोरचा माणूस तीन-चार वेळा तरी 'सॉरी?' म्हणतो. वरिष्ठांनी अप्रेझलमध्ये 'एमटीआय जास्त आहे' असा शेरा मारलाय. तुम्ही विचारलंय की नेमकं चुकतंय काय, या वयात ते सुधारेल का, आणि एका ट्रेनरने सांगितलं तसं घरी मराठी बोलणं बंद करावं का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते एका शब्दाचं आहे: नको. का, ते पुढे झेब्र्यापाशी आलो की कळेल.

एमटीआय म्हणजे मदर टंग इन्फ्लुअन्स, मातृभाषेचा प्रभाव. हा शब्द कॉल सेंटरच्या धंद्यातून आला आणि आता मुंबईतल्या कुठल्याही ऑफिसात आजाराचं नाव घ्यावं तसा घेतला जातो. 'तिला एमटीआय आहे हो' असं म्हणताना मी माणसं ऐकलीत. मी २००३ पासून व्हॉइस अँड ॲक्सेंट शिकवते, म्हणजे हा शब्द मीही भरपूर वापरलाय. त्याआधी दोन वर्षं मालाडला रात्रपाळीत स्वतः हेडसेट लावून बसत होते. तिथला एक कॉल अजून आठवतो. एका अमेरिकन बाईंना त्यांचा पत्ता वाचून दाखवायचा होता. रस्त्याचं नाव व्हाइन, द्राक्षवेल या अर्थाचं, व्हीने सुरू होणारं. मी म्हटलं, 'वाइन स्ट्रीट'. त्या म्हणाल्या, नाही, पितात ती वाइन नाही. मी पुन्हा तेच म्हटलं, जरा मोठ्याने. मग प्रशिक्षणात घोकून घेतलं होतं तसं 'व्ही ॲज इन व्हिक्टर' म्हटलं, तर त्यांना व्हिक्टरसुद्धा डब्ल्यूनेच ऐकू आला. त्या हसायला लागल्या आणि मी रडकुंडीला आले. पण खरी गंमत वेगळीच होती. त्या जे दोन शब्द वेगळे करून म्हणत होत्या, ते मला एकच ऐकू येत होते. त्या माझं काय सुधारतायत तेच मला कळत नव्हतं. जिभेचं काम पुढचं, घोडं पेंड खात होतं ते कानापाशी.

तुमचंही बहुधा तेच होतंय. आपण इंग्रजी ऐकतो ते देवनागरीतून. कानावर पडलेला प्रत्येक आवाज डोक्यातल्या बाराखडीतल्या एखाद्या खणात टाकला जातो, आणि तोंडातून निघतो तो त्या खणातला मराठी आवाज. तुम्ही पहिलीपासून इंग्रजी शिकला असणार, कारण राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून ते पहिलीपासून आलं. आमच्या वेळी ते पाचवीत यायचं. शब्द त्यामुळे तुमच्याकडे आमच्यापेक्षा जास्त आले. पण शब्दाखाली पेन्सिलने देवनागरीत उच्चार लिहायची पद्धत काही गेली नाही, त्यामुळे कान तिथेच राहिला. यात मराठी माणसाचं काही विशेष चुकत नाही, जगातला प्रत्येक कान असाच चालतो. इंग्रजांनी भायखळा ऐकलं आणि बायकला लिहिलं. भ मधला ह गेला, ख मधला ह गेला, ळ चा ल झाला. परळचं परेल झालं. त्यांच्या अप्रेझलमध्ये कुणी काही लिहिलं नाही, एवढाच फरक.

तर पहिला खण व आणि व्हचा. इंग्रजीत व्हीचा आवाज वेगळा आणि डब्ल्यूचा वेगळा. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि भुंग्यासारखा आवाज येतो, तो हवा तेवढा वेळ धरून ठेवता येतो. डब्ल्यूला दातांचा संबंधच नाही. शीळ घालताना होतात तसे ओठ गोल होतात आणि लगेच उघडतात. मराठी व या दोघांच्या मधे कुठेतरी बसतो: दात ओठाजवळ जातात पण धड घासत नाहीत. म्हणून आपला व इंग्रजी कानाला कधी हा वाटतो, कधी तो, आणि बरोबर नको तेव्हा नको तो वाटतो. त्यात लिपीने आणखी घोळ घातलाय. आपण व्हॅन, व्होट, व्हिडिओ लिहितो तेव्हा व्ह म्हणजे व्ही. पण व्हाइट हाउस, व्हील आणि व्हॉट्सॲप लिहितो तेव्हा तोच व्ह डब्ल्यूसाठी. शिवाय 'जेव्हा', 'नव्हता' मधला ह खरा असतो, त्या सवयीने आपण इंग्रजी व्हीमध्येही हवा सोडतो. व्हीमध्ये ह नाही. डब्ल्यूमध्येही, आज लंडनमध्ये बहुतेक जण बोलतात तसा, ह नाही.

उपाय आरशासमोर करायचा. 'वाइन' म्हणायचं असेल तर आधी 'ऊ' म्हणा, ओठ गोल ठेवा आणि तिथून 'आइन' वर जा: ऊ-आइन. वेलीचं व्हाइन म्हणताना दात ओठावर ठेवून तीन सेकंद नुसतं गुणगुणत राहा, मग 'आइन' सोडा. आठवडाभर एवढंच करा. एक धोका सांगून ठेवते. व्ही जमायला लागला की लोक तो सगळीकडे लावत सुटतात आणि वुमनची व्हुमन होते, वेन्सडेचा व्हेन्सडे होतो. माझ्या वर्गात हे तिसऱ्या आठवड्यात हमखास होतं. घाबरू नका, कान जागा झाल्याचं ते लक्षण आहे, ओसरतं.

दुसरा खण इ-ईचा, आणि तो मला सगळ्यांत आवडतो. शाळेत ह्रस्व-दीर्घात किती गुण गेले ते आठवा. ते गेले, कारण मराठीत बोलताना ह्रस्व-दीर्घाने शब्द वेगळे होत नाहीत. दिवस या अर्थाचा दिन आणि गरीब या अर्थाचा दीन आपण लिहिताना वेगळे दाखवतो, पण तोंडाने दोन्ही सारखेच म्हणतो. स्वराची लांबी ठरते ती शब्दातल्या जागेवरून. मीठ म्हणताना ई लांब, मिठाचा म्हणताना आखूड. वीट, पण विटा. फूल, पण फुलं. हा नियम कुणी पाठ करत नाही, तो तोंडातच बसलेला असतो. म्हणजे छोटासा, व्यंजनाने संपणारा शब्द आला की मराठी तोंड स्वर ताणणारच. म्हणून तुम्ही 'आय लिव्ह इन लालबाग' म्हणायला जाता आणि क्लायंटला ऐकू येतं की तुम्ही लालबाग सोडताय. फिलचं फील होतं, लिस्टचं लीस्ट होतं, भरलेला फुल मूर्ख फूल होतो. उलटही होतं. 'लीव्हिंग' म्हणताना मागे शेपूट लागलं म्हणून आपण मिठाचा-विटांचा न्याय लावतो, स्वर आखडतो आणि ते 'लिव्हिंग' होऊन बसतं. दोन्हीकडून नेम चुकतो, आणि दोन्ही वेळा मराठीचा नियम मात्र बिनचूक पाळलेला असतो.

इथे नुसतं आखूड करून भागत नाही. इंग्रजी लिव्हमधला इ जागेनेही वेगळा आहे. जीभ जरा खाली, सैल, ए कडे किंचित कललेली. फोटो काढताना 'चीज' म्हणतो तेव्हा ओठ ताणले जातात, तो ई. तेच ओठ ढिले सोडले, जणू दुपारच्या जेवणानंतर डुलकी येतेय, की लिव्हचा इ. शिप-शीप, फिल-फील, लिस्ट-लीस्ट अशा जोड्या मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकू नका. आपण काय म्हणालो ते डोक्यात ताजं असतं आणि कान लबाडी करतो.

तिसरा खण तुमच्या कामात पैशांचा घोळ घालू शकतो. मराठीत ए एकच. कसोटी सामन्याची टेस्ट आणि चवीची टेस्ट आपण सारखीच लिहितो आणि सारखीच म्हणतो. तुमच्याकडे तारीख म्हणजे डेट आणि कर्ज म्हणजेही डेट. 'ड्यू डेट' विचारताय की थकलेलं कर्ज विचारताय, हे लंडनच्या माणसाने अंदाजाने ओळखायचं. विकण्याचा सेल आणि विक्रीचा सेल, तसंच थांबण्याचा वेट आणि ओला या अर्थाचा वेट. इंग्रजीत तारखेचा ए सरकता आहे, ए पासून निघून इ पर्यंत जातो: डेइट. कर्जाचा ए जागच्या जागी आखूड: डेट्, संपला. तारीख म्हणताना शेवटी छोटा इ मुद्दाम घाला, सुरुवातीला नाटकी वाटेल, वाटू द्या. ओचंही तसंच आहे, 'गो' म्हणजे गोउ. ॲचं मात्र आपलं बरं आहे. जुन्या लोकांची ब्यांक आणि म्यानेजर आता ऐकू येत नाहीत, बॅड आणि बेड मराठी माणूस सहसा गोंधळत नाही. २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ वर्णमालेत अधिकृतपणे बसले, तोंडात ते कधीच बसले होते.

आता झेब्रा. हिंदी पट्ट्यातल्या अनेकांना इंग्रजी झेड नव्याने शिकावा लागतो. आपल्याला त्याच्या अगदी शेजारचा आवाज जन्मापासून मिळालाय. 'जन्म' मधला ज आणि 'जहाज' मधला ज एकाच अक्षराने लिहितो, पण वेगळे म्हणतो. झाड आणि झेंडा यांचंही तेच. मग मराठी माणूस 'झू' ठीक म्हणतो आणि 'झीरो', 'झिप', 'झेब्रा' ला का अडतो? कारण मराठीत शब्दाच्या सुरुवातीला इ किंवा ए आला की च-ज-झ टाळूकडे सरकतात. चाक आणि चिंच म्हणून बघा. जावई आणि जेवण. झाड आणि झेंडा. म्हणून झेब्रा आला की जीभ आपसूक झेंड्याच्या झ वर जाते. तिला दुसरी वाट दाखवायची. पायातले 'मोजे' म्हणा. ए आहे, तरी ज जहाजातलाच राहिला ना? मोजे, मोजे, मोजे, आता 'मो' सोडा आणि पुढे ब्रा जोडा. झालं की नाही? थोडी कसर उरते ती अशी की आपल्या या ज मध्ये जीभ क्षणभर टेकते. इंग्रजी झेडला टेकवायची नाही. 'स्स्स' म्हणत राहा, घशावर बोट ठेवा आणि जीभ न हलवता आवाज सुरू करा. बोटाला थरथर लागली की झेड. तोच खेळ श्श्श वर केला की 'मेझर', 'व्हिजन', 'युज्वली' मधला आवाज सापडतो, नाहीतर मापाचा मेझर आणि लष्करातला मेजर एकाच रांगेत उभे राहतात. घरी मराठी बंद करायला सांगणाऱ्या ट्रेनरला हे मोजे दाखवा.

या सगळ्यात टीएच कुठे आहे असं तुम्हाला वाटलं असेल. कारण क्लासवाले सुरुवात तिथूनच करतात: जीभ दातांमधे, आरसा, थुंकी, सगळं. माझं स्पष्ट मत आहे की तुमच्यासाठी ते शेवटचं काम आहे. आपण 'थिंक' थ ने म्हणतो आणि 'ट्री' ट ने, म्हणजे तीन आणि झाड हे दोन शब्द आपल्या तोंडी वेगळेच राहतात, आणि समोरच्याला तेवढं पुरतं. विमानवाहतुकीचंच बघा, जिथे एक शब्द चुकला तर जीव जातील. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने रेडिओवर आकडे कसे उच्चारायचे ते ठरवून दिलंय, त्यात तीन हा 'ट्री' आहे आणि हजार हा 'टाउसँड'. पाच 'फाइफ' आणि नऊ 'नाइनर'. टीएच जगातल्या कितीतरी लोकांना जमत नाही हे धरूनच ही व्यवस्था चालते. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेनकिन्स यांनी २००० साली परस्परांना समजण्यासाठी कुठले उच्चार लागतातच याची जी मांडणी केली, तिच्यातही टीएच बाहेर ठेवलाय आणि स्वरांची लांबी आत आहे.

त्याच मांडणीत त्यांनी शब्दातल्या आघातालाही, म्हणजे शब्दातल्या कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा त्यालाही, सक्तीच्या यादीत घेतलं नाही, वाक्यातल्या मुख्य आघाताला घेतलं. इथे मी त्यांच्याशी सहमत नाही, निदान तुमच्या बाबतीत नाही. त्यांच्यासमोर इंग्रजी परकी असलेले दोन जण आपसांत बोलतायत. तुमच्यासमोर लंडनचा माणूस आहे आणि त्याचा कान शब्द ओळखतो तोच आघातावरून. भारतीयांचं इंग्रजी इतरांना कितपत समजतं याचा आर. के. बन्सल यांचा अभ्यास हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशने १९६९ साली प्रसिद्ध केला. न समजण्याच्या मोठ्या कारणांत त्यांनी चुकीच्या जागी दिलेला आघात धरला होता. माझा वर्गातला अनुभव तोच आहे.

आघात म्हणजे काय ते लालबागकराला सांगायला पुस्तक नको. चिंचपोकळी आणि करी रोडला फास्ट गाडी थांबत नाही, तुम्हाला स्लोच घ्यावी लागते. मराठी बोलणं ही स्लो लोकल आहे. प्रत्येक अक्षरावर थांबा, प्रत्येक थांबा साधारण सारखाच. इंग्रजी फास्ट आहे. भायखळा, दादर, कुर्ला इथे दणदणीत थांबते आणि मधली स्टेशनं नुसती खिडकीतून जातात. माटुंगा आणि शीव रुळांवर असतातच, नावाची पाटी पुसट दिसते, गाडी थांबत नाही. 'कॅन यू सेंड मी द इन्व्हॉइस फॉर मार्च' या वाक्यात थांबे तीन: सेंड, इन्व्हॉइस, मार्च. बाकीचं 'कन्यु', 'मि', 'दि', 'फ' असं उडत जातं. आपण 'कॅन' ला थांबतो, 'यू' ला थांबतो, 'मी' ला थांबतो, आणि ऐकणारा दादरची वाट बघत कंटाळतो. मग 'सॉरी?' येतं. तेव्हा आपण काय करतो, तर आणखी हळू आणि प्रत्येक अक्षर सुटं करून सांगतो. म्हणजे आणखी चार थांबे वाढवतो.

शब्दाच्या आतही हेच. फोटोग्राफमध्ये थांबा पहिल्या अक्षरावर, फोटोग्राफरमध्ये तो दुसऱ्यावर सरकतो, फोटोग्राफिकमध्ये तिसऱ्यावर. जिथे थांबा नाही तिथला स्वर विरघळून अ होतो, म्हणून फोटोग्राफरचा उच्चार 'फ-टॉ-ग्र-फ' असा काहीतरी ऐकू येतो आणि तो आपल्या ओळखीचा वाटतच नाही. तुमच्या रोजच्या शब्दांत बघा. हॉटेल आपण हॉ वर उचलतो, इंग्रजीत ते टेल वर उचलतात. इव्हेंट, कमिटी आणि डेव्हलप यांचा जोर दुसऱ्या अक्षरावर. रेव्हेन्यू आणि डेफिसिट यांचा पहिल्यावर. ॲनालाइज पहिल्यावर, पण ॲनालिसिस म्हटलं की जोर 'नॅ' वर जातो. याला नियम आहेत, पण ते पाठ करू नका, शब्दागणिक ऐका. शब्दकोशात उच्चाराच्या खुणांमध्ये एक छोटी उभी रेघ असते, तिच्या लगेच पुढच्या अक्षरावर थांबायचं. त्या रेघेसाठीच शब्दकोश उघडायची सवय लावा.

आघाताच्या दोन चुका तुमच्या कामात खरंच महागात पडतील, त्या आधी दुरुस्त करा. पहिली, तेरा आणि तीस, पंधरा आणि पन्नास. आपण फिफ्टीन आणि फिफ्टी दोन्ही पहिल्या अक्षरावर आपटतो आणि शेवटचा न गिळतो. पंधरामध्ये 'टीन' ला पूर्ण थांबा द्या, ई लांब, न वाजलाच पाहिजे. पन्नासमध्ये जोर 'फिफ' वर, 'टी' चटकन. आणि रक्कम असेल तर भरवसा ठेवूच नका, 'वन-फाइव्ह' किंवा 'फाइव्ह-झीरो' असं सुटं सांगा. इंग्रजही फोनवर तसंच सांगतात, यात कमीपणा नाही. दुसरी चूक 'कॅन' आणि 'कॅन्ट' ची. 'वी कॅन पे धिस वीक' मध्ये कॅन ठासून म्हटलात की समोरच्याला तो नकार वाटू शकतो, कारण त्याच्या बोलण्यात होकाराचा कॅन 'कन' एवढाच असतो आणि जोर पडतो तो नकारावर. लंडनच्या माणसाचा नकार तर 'कान्ट' असतो, स्वरच वेगळा. म्हणून होकार असेल तर 'वी कन पे', जोर पे वर. नकार असेल तर 'कान्ट' ताणून, किंवा सरळ 'कॅनॉट'.

पे वरून आठवलं. बेस्टच्या बसचं कागदी तिकीट ओठांसमोर धरा आणि 'पाणी' म्हणा. तिकीट हलणार नाही. आता इंग्रजासारखं 'पे' म्हणायचं तर ते फडफडलं पाहिजे. शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क इंग्रजीत थोडी हवा घेऊन येतात, जवळजवळ अर्धा ह. आपला कोरडा प त्यांना ब वाटू शकतो, कोटचा क ग वाटू शकतो. ही हवा आपल्याला नवी नाही, क आणि ख मधला फरक आपण रोज करतो, फक्त लिहिताना क दिसला म्हणून ती आवरून धरतो. पण स च्या मागे आलेल्या प-ट-क ला हवा नाही: स्पीक, स्टॉक आणि स्कूल आपण म्हणतो तेच बरोबर. हे मी दुसऱ्या महिन्यात शिकवते, आधी नाही.

बाकी किरकोळ. रिसीटमधला पी आणि कर्जाच्या डेटमधला बी मुका आहे. भूतकाळाचा ईडी बहुतेक वेळा वेगळं अक्षर होत नाही: चेक्ट, रिसीव्ह्ड. ट किंवा ड नंतर आला तरच 'इड' होतो, पोस्टेड, ऑडिटेड. 'सिंगर' मध्ये ग नाही, 'फिंगर' मध्ये आहे, आणि याने आजवर कुणाचं पेमेंट अडलेलं मी पाहिलं नाही. र सगळीकडे म्हणा. लंडनवाले शब्दाच्या शेवटचा र गिळतात म्हणून आपण गिळायचं कारण नाही, उलट आपल्या र मुळे कितीतरी शब्द स्पष्ट राहतात.

वयाचं म्हणाल तर २७ ला कान शिकतो. बेचाळीसच्या नर्सबाईंना परदेशी जाण्याच्या परीक्षेसाठी मी शिकवलंय आणि त्या गेल्या. लंडनमध्ये जन्मल्यासारखं बोलणं या वयात बहुतेकांना जमत नाही, आणि त्याची गरजही नाही. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याचा जो भाग असतो, त्याच्या चार निकषांपैकी एक उच्चार आहे, पण तिथेही तुमची लकब भारतीय आहे म्हणून गुण कापत नाहीत, ऐकणाऱ्याला कष्ट किती पडले ते बघतात. '३० दिवसांत अमेरिकन ॲक्सेंट' अशा पाट्या दादर स्टेशनबाहेर दिसतील, त्यांचे पैसे वाचवा. अर्धवट उसना ॲक्सेंट अर्धवट भूमिका करणाऱ्या नटासारखा दिसतो, आणि मंगळवारच्या कॉलवर तणाव आला की तो आधी गळून पडतो.

सराव रोज दहा मिनिटं, रविवारी तासभर बसण्यापेक्षा हे बरं. लालबागहून गोरेगावपर्यंत दादरला गाडी बदलूनही तेवढा वेळ मिळतोच. कानात इयरफोन घाला, ब्रिटिश बातम्यांतलं एकच वाक्य घ्या, आधी पाच वेळा नुसतं ऐका, मग ओठ हलवत त्याच्याबरोबर म्हणा. गर्दीत आवाज काढायची गरज नाही, थांबे कुठे येतात ते पकडायचंय. घरी मोबाइलच्या बोलून टाइप करायच्या सोयीत भाषा ब्रिटिश इंग्रजी करा आणि एकेक सुटा शब्द बोला. वेल म्हणालात आणि दारू उमटली तर काय करायचं ते तुम्हाला कळलंय. भाषा भारतीय इंग्रजीवर ठेवू नका, तिथे मोबाइल आपल्याला फार सांभाळून घेऊ शकतो.

आणि एक वही करा. मंगळवारच्या कॉलवर जेव्हा जेव्हा 'सॉरी?' येईल, तेव्हा त्याच्या आधी तुम्ही नेमका कुठला शब्द म्हणाला होतात तो तिथल्या तिथे टिपा. चार मंगळवारांत पंधरा-वीस शब्दांची यादी होईल. ती घेऊन वरिष्ठांकडे जा आणि 'एमटीआय' ऐवजी यातलं काय ते दाखवा म्हणा. माझा अंदाज असा की त्यात आकडे असतील, दोन-तीन व्ही असतील, जोर चुकलेले लांब शब्द असतील, आणि टीएचचा बहुधा एकही नसेल.